तळघरातली ऊब

कोळशाचा ट्रक चढ चढून दाराशी आला तेव्हा काशिनाथराव पूजा आटोपून, स्वेटरवर स्वेटर चढवून पायरीवर वाट बघत उभे होते. पंचाण्णव सालचा मे संपत आला होता. कुरुंदवाडला या दिवसांत घाटाचे दगड दिवेलागणीपर्यंत पायाला चटके देत. इथं दक्षिण गोलार्धात तोच ऐन हिवाळा; डनेडिनच्या त्या दरीतल्या रस्त्यावर सकाळचं दहिवर दुपारपर्यंत पांढरंच राही. घर उताराच्या चुकीच्या अंगाला होतं. समोरच्या टेकडीवरच्या लोकांना ऊन मिळायचं, यांना ते नुसतं दिसायचं.

कोळसेवाला ग्रॅहम साठीचा, बैलासारख्या खांद्यांचा माणूस. एकेक पोतं पाठीवर घेऊन तो घराला वळसा घालून खालच्या अंगाला जाई आणि तळघरात टाकून येई. तळघर म्हणजे तरी काय, घर जुनं, लाकडी, उतारावर बांधलेलं. मागच्या खोल्यांखाली माणूस वाकून उभा राहील एवढी पोकळी उरली होती, तिला बाहेरून एक दार. मधोमध धुराड्याचा विटांचा पाया, आणि बाहेरच्या भिंतीत वीत-वीत रुंदीच्या चार लोखंडी जाळ्या. बस्स.

सगळी पोती आत गेल्यावर ग्रॅहमनं हात झटकले आणि पायानं एका जाळीकडे दाखवलं.

"या उघड्या असू द्या, मेट. आणि माल कोरडा ठेवा. हा साउथलँडचा कोळसा मऊ असतो. त्याला श्वास घ्यायला लागतो."

काशिनाथरावांचं इंग्रजी शाळामास्तराचं, जरा पुस्तकी, पण पक्कं. ग्रॅहमचा शब्दन् शब्द त्यांना कळला. त्यांनी मान डोलावली, त्याला चहा विचारला, आणि तो "नेक्स्ट टाइम" म्हणून गेल्यावर वर येऊन बायकोला सांगितलं,

"इथं कोळशालाही श्वास लागतो म्हणे."

"लागणारच," आशालताबाई पलंगावरून म्हणाल्या. "माझ्या वाटचा त्यालाच देतात वाटतं."

सगळा खटाटोप त्या श्वासासाठीच चालला होता. आशालताबाईंना दमा पूर्वीपासून होता, पण कुरुंदवाडच्या हवेत तो पाळलेल्या मांजरासारखा गुमान पडून असे. मुलाकडे आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात त्यांना न्यूमोनिया झाला. अकरा दिवस हॉस्पिटलात काढले. सोडताना तिथले मोठे डॉक्टर काशिनाथरावांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले होते, की ही छाती असा दुसरा आजार काढणार नाही. पुढच्या हिवाळ्यात यांना ऊब द्या, काही करून सप्टेंबरपर्यंत न्या. काशिनाथरावांनी ते वाक्य देववाणीसारखं मनात धरलं. धुराड्यावरच्या फळीवर दत्ताची तसबीर होती. तिच्यासमोर उभं राहून त्यांनी एकच मागणं मागितलं: हिला सप्टेंबर दाखव. बाकी काही नको.

मुलगा धैर्यशील हाडांचा डॉक्टर. सून सुखदा गावात एका केमिस्टकडे फार्मासिस्ट. दोघं दिवसभर बाहेर. आठ वर्षांची सानिका शाळेत. विजेच्या हीटरनं आशालताबाईंच्या घशाला कोरड पडायची, म्हणून त्यांच्या खोलीतली जुनी शेकोटी साफ करून घेतली, आणि ती पेटती ठेवायचं काम काशिनाथरावांनी हट्टानं आपल्याकडे घेतलं. चाळीस वर्षं ज्यानं शाळा सांभाळून पंचक्रोशीतल्या देवळांत कीर्तनं केली, त्या माणसाला या देशात आल्यापासून करायला काही नव्हतं. आता मिळालं होतं. सकाळी लोकरीच्या मोज्यांवर जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, चढवायच्या, बादली घ्यायची, घराला वळसा घालून खाली जायचं, कोळसा भरून वर आणायचा. दिवसातून तीन-चार खेपा.

"अण्णा, मी आणून देईन की," धैर्यशील म्हणायचा.

"तू हाडं सांभाळ," आशालताबाई म्हणायच्या. "यांना कोळसा सांभाळू दे. हे काळे हात घेऊन आले की मला वाटतं, नवरा कमावता झाला पुन्हा."

जूनच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी पूजेला बसल्यावर काशिनाथरावांच्या ध्यानात आलं, की निरांजनाची ज्योत सरळ राहत नाही. खिडकी बंद, दार बंद, तरी ज्योत एका अंगाला लवते. त्यांनी उदबत्ती हातात घेतली आणि तिचा धूर कुठं वळतो ते बघत बघत गुडघ्यांवर खोलीभर फिरले. आशालताबाई हसायला लागल्या, हसता हसता खोकायला लागल्या. धूर जमिनीशी थरथरला. फळ्यांच्या फटींतून बर्फासारखी हवा वर येत होती, थेट पलंगाखाली.

"बघ," ते म्हणाले. "आपण वर जाळ घालतोय आणि खालून कोणी पंखा घालतंय."

खालची हवा येत होती त्या चार जाळ्यांतून. त्यांनी एक जुनं धोतर काढलं, त्याचे चार भाग केले, घट्ट बोळे वळले आणि खाली जाऊन चारही जाळ्यांत ठोकून बसवले. ग्रॅहमचं बोलणं त्यांना आठवलं नाही असं नाही. तिसरा बोळा ठोकताना चांगलं आठवलं. पण ते स्वतःशीच म्हणाले, त्याला त्याच्या कोळशाची काळजी, मला हिची. आणि चौथा बोळा ठोकला.

दुसऱ्या दिवशी पूजेला निरांजनाची ज्योत चित्रातल्यासारखी उभी राहिली. काशिनाथरावांनी डोळे मिटून हात जोडले. देवानं हो म्हटलं, याहून निराळा अर्थ त्यांना सुचणंच शक्य नव्हतं.

मग धूळ. पोत्याला हात लावला की काळी भुकटी उडायची, फटींतून वर यायची आणि आशालताबाईंच्या खोकल्याला निमित्त मिळायचं. अंगणात धूळ उडू नये म्हणून सडा घालतात तसा काशिनाथरावांनी रोज सकाळी तांब्याभर पाणी पोत्यांवर शिंपडायला सुरुवात केली. ओल राहून कोळसा बिघडू नये, म्हणून पोती हळूहळू ओढून धुराड्याच्या पायाशी आणली, विटांना चिकटवून घट्ट थप्पी रचली. वर दिवसरात्र जाळ, त्यामुळे त्या विटा कोमट असायच्या. म्हणजे कोरडं ठेवा हे ग्रॅहमचं सांगणंही पाळलं गेलं, असा त्यांचा हिशोब. रोजच्या खेपेला पुढची पोती वापरायची, मागची तशीच राहायची. यातलं त्यांनी धैर्यशीलला काही सांगितलं नाही. लपवलं असं नव्हे. दमून आलेल्या मुलाला बोळ्यांच्या गोष्टी काय सांगायच्या.

आणि गुण आला. खोली उबदार राहू लागली, खोकला उतरला. जून सबंध चांगला गेला. जॉन्सनव्हिलचा हरीश, धैर्यशीलचा कॉलेजातला मित्र, कीर्तनाच्या कॅसेटी पाठवायचा. संध्याकाळी त्या लागत. पण कॅसेटवर काशिनाथरावांचं भागत नसे. मशीन बंद करून ते स्वतः उभे राहत, हातात चिपळ्या, पायांत मोजे, आणि शेकोटीसमोरच्या दोन हात जागेत पूर्वरंग सुरू करत. आशालताबाई उशीला टेकून झांज धरत. कुरुंदवाडला पेटीवाले बदलले, तबलजी बदलले, झांज मात्र चाळीस वर्षं त्यांचीच होती.

"आज कोणतं आख्यान?" त्या विचारत.

"नावाड्याचं."

"परत? तो मेला अजून पलीकडे पोचला नाही का?"

हे आख्यान काशिनाथरावांनी स्वतः रचलेलं. पुराच्या नदीतून सगळ्या गावाला पार करणारा नावाडी, आणि अलीकडच्या काठावर राहिलेली त्याची आंधळी आई. निम्म्या गावाला ते पाठ होतं. आशालताबाईंना कंटाळा येई आणि तरी नदी वाढते त्या पदाला त्यांची झांज अशी काही घुमे, की काशिनाथरावांच्या अंगावर काटा यायचा.

जुलैत आशालताबाईंची डोकेदुखी सुरू झाली.

आधी सकाळी थोडी, मग दिवसभर. पोटात ढवळायचं, पाय जड व्हायचे. बोलता बोलता शब्द सापडेनासा व्हायचा. सानिका एकदा त्यांच्या कुशीत शिरली आणि नाक मुरडून म्हणाली, "आजी, यू स्मेल लाइक द बेसमेंट."

"तुझ्या आजोबांच्या संगतीनं," आशालताबाई म्हणाल्या.

धैर्यशीलनं स्टेथोस्कोप लावला. छाती स्वच्छ होती, गेल्या दोन वर्षांत नव्हती इतकी. जवळच्या क्लिनिकमध्ये नेलं. तिथं बोटाला चिमटा लावून रक्तातला ऑक्सिजन बघितला. सत्त्याण्णव. डॉक्टर म्हणाले, माझ्यापेक्षा बरा आहे. व्हायरस असेल, खूप पसरलाय.

"आणि गाल बघा ना आईंचे," सुखदा म्हणाली. "कसे गुलाबी झालेत. इथली हवा मानवायला लागली शेवटी."

एका रविवारी गावाच्या दुसऱ्या टोकाला धैर्यशीलच्या ओळखीच्या सुनीता नर्सच्या घरी सत्यनारायण होता. आशालताबाईंना शालीत गुंडाळून नेलं. तिथं त्या तासाभरात अशा फुलल्या, की सुनीता म्हणाली, कोण म्हणतं या आजारी आहेत. दोन पुऱ्या खाल्ल्या, आरतीला झांज वाजवली, चार बायकांची थट्टा केली. संध्याकाळी घरी आल्या आणि जेवायच्या आत कपाळाला हात लावून पलंगावर पडल्या.

सुखदानं धैर्यशीलला स्वयंपाकघरात गाठलं. दार लोटलेलं होतं, पण लाकडी घराला भिंती असून नसल्यासारख्याच.

"अरे, माणसांत बरं वाटतं, घरी आलं की दुखतं. हे शरीराचं नाहीये. त्यांना एकटं वाटतंय. मी दुकानात किती बघते असे."

"मग?"

"मग काय, झोप लागेल असं काहीतरी दे. अगदी हलकं."

बाहेर काशिनाथराव रिकामी बादली घेऊन उभे होते. त्यांना वाईट वाटलं ते निराळंच. आपण दिवसभर हिच्याजवळ बसतो, आणि हिला एकटं वाटतं. त्या दिवसापासून ते खेपा भराभर उरकून जास्त वेळ खोलीत बसू लागले. कीर्तन सकाळीही सुरू केलं. त्यांचंही डोकं जड व्हायचं, पण एकादशीला ते उपवासावर जाई आणि इतर दिवशी वयावर. कोळसा आणायला बाहेर पडलं की बरं वाटे. ते म्हणत, हालचाल हवी माणसाला.

हलकी अर्धी गोळी सुरू झाली. आशालताबाई जास्त झोपू लागल्या. ऑगस्ट उजाडला. सप्टेंबर आता हाताच्या अंतरावर होता. काशिनाथराव रोज कॅलेंडरवर बोट ठेवत आणि तसबिरीकडे बघत.

त्या शनिवारी एकादशी होती. कडाक्याचं दंव पडलं होतं आणि वाऱ्याचं नाव नव्हतं. दरीतल्या सगळ्या धुराड्यांचा धूर वर न जाता घरांच्या छपरांवर चादरीसारखा अंथरला होता. धैर्यशील ड्यूटीवर होता. सुखदा सानिकाचे टॉग्ज, पोहायचे कपडे, पिशवीत घालून तिला पोहण्याच्या क्लासला घेऊन गेली. एकपर्यंत येते म्हणाली.

दहाच्या सुमाराला काशिनाथराव खाली गेले. तोंडातून नाम चालू होतं. पुढची पोती संपत आली होती, म्हणून त्यांनी हात लांब करून मागच्या थप्पीतलं एक चाचपलं, आणि हात तसाच राहिला. पोतं गरम होतं. कोमट नव्हे, गरम. भाकरी उतरवल्यानंतरच्या तव्यासारखं. त्यांनी शेजारचं बघितलं. तेही तसंच. धुराड्याच्या विटांहूनही गरम. सगळीकडे एक कुबट, डांबरासारखा वास होता.

दुसरा कोणी घाबरला असता. काशिनाथराव आनंदले. एवढ्या गारठ्यात, कोणी न पेटवता, आपण रचलेली थप्पी अशी ऊब देते आहे. बरोबर हिच्या पलंगाखाली. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. ते वर गेले, आशालताबाईंच्या अंगावरची शाल काढून आणली आणि त्या पोत्यांवर पसरली. पाच मिनिटं थांबून ती गरम शाल छातीशी धरून वर नेली.

"घे. दत्तानं खाली फुकटची शेगडी पेटवली आहे."

आशालताबाईंनी शाल ओढून घेतली. चेहरा लाल होता, डोळे अर्धे मिटलेले. "वास येतोय हिला," त्या म्हणाल्या.

"ऊब बघ, वास काय बघतेस."

मग त्या म्हणाल्या, "अहो, खिडकी उघडता का जरा?"

"बाहेर काय गारठा आहे माहीत आहे का?"

"असू दे. थोडीशी उघडा. मला आत कोंडल्यासारखं होतंय."

"अगं, अजून पंधरा-वीस दिवस कळ काढ. एवढं आणलंय तुला इथवर. एक झुळूक छातीत गेली तर काय घ्या."

"नाहीतर मला बाहेर पायरीवर बसवा. शालीत गुंडाळून. समोरच्या टेकडीवर ऊन आलं असेल, ते तरी बघीन."

काशिनाथरावांच्या मनात एक क्षण आलं, की बसवावं. तिनं या देशात येऊन काही मागितलं नव्हतं. पण मग हॉस्पिटलातले ते अकरा दिवस डोळ्यांपुढे आले, नाकातली नळी आली, खांद्यावरचा तो हात आला. ते खिडकीपाशी गेले, कडी घट्ट बसली आहे ना ते बघितलं, आणि फटीत एक टॉवेल सारून आले.

"हट्ट करू नकोस. मी आख्यान लावतो, म्हणजे मन रमेल."

"नावाड्याचं?"

"तू म्हणशील ते."

"नावाड्याचंच लावा," त्या डोळे मिटून म्हणाल्या. "माझ्याच्यानं आता नवीन ऐकवणार नाही."

त्यांनी झांज तिच्या हातात दिली. शेकोटीत दोन फावडी कोळसा घातला, चिपळ्या घेतल्या, तसबिरीला नमस्कार करून उभे राहिले. आवाज लागला होता त्या दिवशी. नदीचं वर्णन करताना खोली विसरले, दरी विसरले. घाट डोळ्यांपुढे आला, गढूळ पाणी पायऱ्या चढू लागलं. झांज मागून येत होती, मंद, एका मात्रेनं मागे, पण येत होती. नावाड्यानं पहिली खेप केली, दुसरी केली. तिसऱ्या खेपेला पद लागलं आणि झांज आली नाही.

काशिनाथरावांनी वळून पाहिलं. आशालताबाईंची मान कलली होती, झांज शालीवर पडली होती. चेहऱ्यावर त्रास कसला तो नव्हता. गोळीनं झोप लागली, त्यांना वाटलं. चांगलं झालं.

आख्यान मध्यावर सोडायचं नाही, हा त्यांच्या गुरूंचा दंडक. श्रोता एक असो की हजार, जागा असो की झोपलेला; देवाला उभं केलंस तर त्याला वाटेत टाकून जाऊ नकोस. एकदा पावसानं सगळा मंडप रिकामा झाला होता, तेव्हाही त्यांनी खांबांसमोर उत्तररंग पुरा केला होता. म्हणून ते पुन्हा देवाकडे वळले. आवाज मात्र खाली आणला, तिची झोप मोडू नये म्हणून. आई काठावर उभी राहिली, नावाडी परत फिरला, वल्हं मोडलं. दोनदा त्यांना पद आठवेना. दोनदा ते मागे जाऊन पुन्हा आले. पायांत गोळे येत होते. एकादशी, ते मनात म्हणाले. शेवटी आरती हळू आवाजात म्हटली, तिच्या कपाळाला बुक्का लावला आणि बादली आणि फावडं उचललं.

दारातून बाहेर पडताना ते चौकटीवर आपटले. पायऱ्या दोनदोन दिसत होत्या. कठड्याला धरून उतरले, घराला वळसा घालायला लागले, आणि सात-आठ पावलांत डोक्यावरचं ओझं कोणी उचलून घ्यावं तसं झालं. थंड हवा छातीत गेली. पुन्हा गेली. दरी स्वच्छ दिसली, समोरच्या टेकडीवर ऊन होतं.

ते तिथंच थांबले. हे रोज होत होतं. बाहेर आलं की बरं, आत गेलं की जड. सुनीताच्या घरी तिला बरं, घरी आलं की दुखणं. आपण दिवसातून चार वेळा बाहेर येतो. ती येत नाही.

तळघराचं दार त्यांनी ओढलं आणि आतून गरम, राखाडी हवा तोंडावर आली. ज्वाला कुठं नव्हती. मागच्या थप्पीतून बारीक धूर निघत होता, उदबत्तीचा निघतो तसा, शांत, आणि सरळ वर फळ्यांकडे जात होता.

बादली त्यांच्या हातातून सुटली, पण फावडं राहिलं. ते वर कसे आले ते त्यांना पुढे कधी सांगता आलं नाही. खिडकीची कडी निघेना. टॉवेल ओढला, कडी तरी निघेना. त्यांनी फावड्यानं काच फोडली. मग गादीसकट तिला खाली घेतलं आणि ओढत ओढत, दर दोन हातांवर थांबत, बाहेर पायरीवर आणलं. "अगं," ते म्हणत होते. "अगं, बघ. आलीस बाहेर. ऊन बघ." श्वास होता. अगदी बारीक, पण होता. गाल अजून गुलाबी होते.

सुखदाची गाडी वळणावर दिसली तेव्हा ते आशालताबाईंचं डोकं मांडीवर घेऊन त्यांना वारा घालत होते, त्या कडाक्याच्या दंवात.

आशालताबाई रविवारी दुपारी तीनला गेल्या. शुद्ध आली नाही.

हॉस्पिटलच्या त्या मजल्यावर भिंतीला लागून खुर्च्यांची ओळ होती. काशिनाथराव कडेच्या खुर्चीवर बसले होते. त्यांच्याही हाताला सलाइनची पट्टी होती. त्यांनाही रात्रभर ऑक्सिजन लावला होता आणि सकाळी काढला होता. धैर्यशील आतून कागदांवर सह्या करून आला आणि शेजारी बसला.

"फायर सर्व्हिसचा माणूस भेटला," धैर्यशील म्हणाला. "मागची पोती ओलीनं आणि कोंडून आपोआप तापली, आतून धुमसत होती म्हणे, आठवडे झाले असतील. त्यातून कार्बन मोनॉक्साइड वायू वर येत होता. त्याला वास नसतो, अण्णा. बोटाच्या चिमट्याला तो कळत नाही, उलट ऑक्सिजन चांगला दिसतो. हे मला माहीत आहे. परीक्षेत लिहिलंय मी हे."

काशिनाथराव हातावरच्या पट्टीची सुटलेली कड दाबून बसवत राहिले.

"जाळ्यांतून चार बोळे काढले त्यांनी. धोतराचे."

"हो."

"तुमची काही चूक नाही. तुम्ही आयुष्यात कधी असा कोळसा साठवला नव्हतात. चूक त्या ग्रॅहमची आहे. म्हाताऱ्या माणसाच्या घरात माल टाकून गेला, दोन शब्द सांगायला नकोत? मी उद्या त्याच्या यार्डात जाणार आहे. सोडणार नाही त्याला."

एक नर्स ट्रॉली ढकलत गेली. तिचा आवाज वळणापलीकडे जाईपर्यंत काशिनाथराव थांबले.

"सांगितलं होतं त्यानं," ते म्हणाले.

"काय?"

"जाळ्या उघड्या ठेवा म्हणाला होता. माल कोरडा ठेवा म्हणाला होता."

"तुम्हाला त्याचं बोलणं कळलं नसेल. त्यांचे उच्चार—"

"कळलं होतं, धैर्यशील. सगळं कळलं होतं. हिला गार लागत होतं म्हणून लावले मी बोळे."

धैर्यशीलनं दोन्ही तळहात चेहऱ्यावरून फिरवले. हाडं बसवणारे मोठे, बळकट हात होते ते.

"गुरुवारी मी गोळी अर्ध्याची पूर्ण केली होती," तो म्हणाला. "डोकं दुखतं, झोप लागत नाही, म्हणाली म्हणून." मग थोड्या वेळानं, वडिलांकडे न बघता, "काही बोलली का ती? शेवटचं?"

काशिनाथरावांना खोटं बोलता आलं असतं. देवाचं नाव घेतलं असं सांगता आलं असतं, आणि मुलानं ते जन्मभर जपून ठेवलं असतं.

"खिडकी उघडा म्हणाली. मी नाही उघडली. मग म्हणाली, बाहेर पायरीवर बसवा. तेही नाही केलं. आख्यान लावलं. मध्येच तिची झांज थांबली. मला वाटलं, झोपली. मी आख्यान पुरं केलं."

धैर्यशीलनं मान वळवली. आता जो प्रश्न त्यानं विचारला तो मुलाचा नव्हता, डॉक्टरचा होता, आणि त्याच्या तोंडून तो आपोआप निघाला.

"झांज थांबल्यावर किती वेळ?"

"वीस मिनिटं," काशिनाथराव म्हणाले. "आरती धरून पंचवीस."

धैर्यशील उठला. पाठ करून तो लांबपर्यंत चालत गेला, टोकाला चहाच्या मशीनपाशी जाऊन उभा राहिला. एक हात मशीनवर टेकून, मान खाली घालून उभा होता. काशिनाथराव त्याच्याकडे बघत राहिले. त्यांना वाटलं, आता तो येणार नाही, आणि तेच योग्य आहे. पण तो आला. हातात दोन कागदी पेले होते. एक त्यानं वडिलांच्या हातात दिला, त्यांची बोटं नीट धरेपर्यंत स्वतःच्या हातानं तो आवळून ठेवला.

मग मधली एक खुर्ची मोकळी सोडून तो पलीकडे बसला.